शोधनिबंध स्वीकारला गेला, पण शुल्क पावणेदोन लाख: प्राथमिक आरोग्य केंद्रातील डॉक्टरने काय करावे?

प्रश्न: वैनगंगाकाठ

सर्वांना नमस्कार. मी गडचिरोली जिल्ह्यातील एका प्राथमिक आरोग्य केंद्रात वैद्यकीय अधिकारी आहे. आमच्या भागात धानाची रोवणी सुरू झाली की सर्पदंशाचे रुग्ण वाढतात. बांधीत उतरलेल्यांना दिवसा परड, म्हणजे घोणस चावते, आणि जमिनीवर झोपणाऱ्यांना रात्री मण्यार. मण्यारीच्या दंशाला ना सूज असते ना फारशी वेदना. पहाटे पोट दुखू लागते, पापण्या जड होऊन मिटू लागतात, आणि तोवर आपल्याला साप चावला आहे हे घरच्यांनाच काय, रुग्णालाही ठाऊक नसते. तीन पावसाळे मी या रुग्णांची स्वतंत्र नोंदवही ठेवली: दंशाची वेळ, आधी पुजाऱ्याकडे (गावच्या मांत्रिकाकडे) नेले की थेट दवाखान्यात, केंद्रात पोहोचायला किती वेळ लागला, प्रतिविषाच्या किती कुप्या लागल्या, पुढे कुठे पाठवले.

या नोंदवहीतूनच आमची एक चूक आमच्या लक्षात आली. रक्त गोठते की नाही हे पाहण्यासाठी कोरड्या, स्वच्छ काचेच्या नळीत दोन मिलिलिटर रक्त घेऊन ती वीस मिनिटे न हलवता ठेवायची आणि मग तिरपी करून पाहायची, अशी साधी चाचणी आहे. आमच्याकडे नळ्या कपडे धुण्याच्या पावडरीने धुऊन पुन्हा वापरल्या जात होत्या. अशा नळीत चांगले रक्तही गोठत नाही, त्यामुळे काही रुग्णांना गरज नसताना प्रतिविष दिले गेले असावे, असे मला वाटते. नव्या नळ्या मागवल्यावर चित्र बदलले. हे सगळे मी नैतिकता समितीची आणि जिल्ह्याची परवानगी घेऊन एका शोधनिबंधात मांडले, आणि तो एका परदेशी, पूर्णपणे मुक्त प्रवेशाच्या, म्हणजे कुणालाही मोफत वाचता येणाऱ्या नियतकालिकाने मागच्या आठवड्यात स्वीकारला.

स्वीकृतीच्या पत्राखालीच शुल्काचे पत्र होते. सुमारे दोन हजार डॉलर, म्हणजे पावणेदोन लाखांच्या आसपास रुपये. सवलत मिळणाऱ्या देशांच्या यादीत भारत नाही. लिहिताना मला हवे असलेले निम्मे निबंध पैसे भरल्याशिवाय उघडत नव्हते, सारांश वाचूनच समाधान मानावे लागले; आता माझाच निबंध इतरांना मोफत वाचता यावा म्हणून मी पैसे भरायचे आहेत. मी काय करावे? आणि याहून मूलभूत शंका अशी की, खुलेपणाचा हा सगळा खटाटोप आमच्यासारख्यांच्या नेमका किती उपयोगाचा आहे?

उत्तर १: ग्रंथालयीन, वर्धा

डॉक्टर, प्रथम अभिनंदन. मी वैद्यकीय महाविद्यालयाच्या ग्रंथालयात बावीस वर्षे काम केले आहे, म्हणून आधी व्यवहाराचे लिहितो.

नियतकालिकाच्या संपादकांना आजच पत्र लिहा. आपण कोणत्याही प्रकल्पाच्या अनुदानाविना, शासकीय नोकरी सांभाळून हे काम केले असल्याचे स्पष्ट सांगून पूर्ण किंवा अंशतः सूट मागा. बहुतेक प्रकाशकांच्या नियमाप्रमाणे ही विनंती निबंध पाठवतानाच करायची असते, स्वीकृतीनंतर नव्हे, त्यामुळे नकार येण्याची तयारी ठेवा. तरीही विचारायला काही लागत नाही. सवलतीच्या यादीत भारत का नाही, याचेही उत्तर आहे. अनेक मोठे प्रकाशक कमी उत्पन्नाच्या देशांना सरसकट सूट देतात, मात्र त्याच्या वरच्या गटातील देशांना देताना देशाच्या एकूण अर्थव्यवस्थेचा आकार पाहतात. भारत एकूण हिशेबात मोठा भरतो, आणि त्या हिशेबात गडचिरोलीतले धानोरा आणि मुंबई एकाच रकान्यात जातात. जागतिक आरोग्य संघटनेने प्रकाशकांच्या साहाय्याने २००२ साली सुरू केलेल्या ‘हिनारी’ योजनेतही गरीब देशांतील संस्थांना नियतकालिके मोफत किंवा अल्प दरात वाचायला मिळतात. भारत मात्र त्या यादीबाहेरच राहिला.

नकार आला तर निबंध मागे घेण्याचा विचार करता येईल. परंतु लेखी माघार मंजूर झाल्याशिवाय तो दुसरीकडे पाठवू नका, कारण एकाच वेळी दोन ठिकाणी निबंध पाठवणे हा संशोधनातील गंभीर दोष मानला जातो. त्यानंतर लेखकाकडून काहीही न घेणाऱ्या, वर्गणीवर चालणाऱ्या एखाद्या नियतकालिकाकडे जा. तिथे छापील स्वरूप वर्गणीदारांपुरते राहते, पण स्वीकारलेले, मांडणी न केलेले हस्तलिखित ठरावीक मुदतीनंतर इंटरनेटवरील खुल्या संग्रहात ठेवायला बरेच प्रकाशक परवानगी देतात. ही मुदत सामान्यतः सहा महिने ते वर्षभराची असते, आणि कोणत्या नियतकालिकाची काय अट आहे हे ‘ओपन पॉलिसी फाइंडर’ (पूर्वीचे ‘शेर्पा रोमिओ’) या संकेतस्थळावर पाहता येते. मुक्त प्रवेशाचा हा बिनपैशाचा मार्ग आपल्याकडे फार कमी लोक वापरतात, आणि त्याला आम्ही ग्रंथपालही काही अंशी जबाबदार आहोत, कारण अजूनही आम्ही पुस्तकांच्या दाखल नोंदीतच अडकलो आहोत. वैद्यकीय विषयांच्या ज्या संग्रहात निबंध स्वीकृतीपूर्वी ठेवता येतात, त्या ‘मेडआर्काइव्ह’चा मार्ग (तो २०१९ पासून आहे) आपल्यासाठी आता बंद झाला आहे, तिथे स्वीकारला गेलेला निबंध घेत नाहीत. पुढच्या वेळी ही गोष्ट आधी करा.

वाचण्याच्या अडचणीबद्दल थोडे. ‘एक राष्ट्र एक वर्गणी’ ही केंद्राची योजना नोव्हेंबर २०२४ मध्ये मंजूर झाली. तीन वर्षांसाठी ६,००० कोटी रुपये, ३० प्रकाशक, सुमारे १३,००० नियतकालिके. पण ती शासकीय उच्च शिक्षणसंस्था आणि केंद्राच्या संशोधनसंस्थांसाठी आहे. प्राथमिक आरोग्य केंद्र यांपैकी कशातच बसत नाही. जवळच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या ग्रंथपालाशी ओळख ठेवा, आणि तोवर थेट लेखकाला विनंतीचे पत्र पाठवत चला. माझा अनुभव असा की दहातले सहा-सात लेखक दोन दिवसांत प्रत पाठवतात, आणि पाठवताना आनंदाने पाठवतात.

उत्तर २: यवतमाळचा प्राध्यापक

वरच्या उत्तराशी सहमत आहे, फक्त एक इशारा. शुल्काची रक्कम पाहून घाबरल्यावर जी पहिली स्वस्त मेल येते, तिला उत्तर देऊ नका. मी तेच केले. बढतीसाठी एक निबंध कमी पडत होता, एका नियतकालिकाने आठ हजार रुपयांत ‘जलद परीक्षण’ देऊ केले, आणि परीक्षण खरोखरच इतके जलद झाले की चौथ्या दिवशी स्वीकृती हातात होती, एकाही दुरुस्तीशिवाय. सारणीतील एक बेरीज चुकलेली होती, ती मीच नंतर शोधली. दीड वर्षाने ते संकेतस्थळ बंद झाले आणि माझा निबंध त्यासोबत गेला. आता तो ना कुठे सापडतो, ना कुठे पुन्हा छापता येतो.

नियतकालिक खरे आहे की नाही हे तपासण्यासाठी मुक्त प्रवेशाच्या नियतकालिकांची ‘डोआज’ ही निर्देशिका पाहावी. ती २००३ पासून आहे आणि तिथे शुल्काची रक्कमही दिलेली असते, शुल्क न घेणारी नियतकालिके वेगळी काढता येतात. जागतिक आरोग्य संघटनेचे ‘बुलेटिन’ हे नियतकालिक लेखकाकडून काही घेत नाही आणि वाचकाकडूनही नाही. तिथे जागा मिळणे कठीण आहे हे मान्य, पण पाठवून पाहायला हरकत नाही.

उत्तर ३: जुना फिरस्ता

मी गडचिरोली आणि मेळघाट या दोन्ही भागांत आरोग्याच्या कामात तीस वर्षे फिरलो आहे, त्यामुळे आपल्या दुसऱ्या शंकेवर लिहितो. पहिलीचे उत्तर वरील दोघांनी दिलेच आहे.

आपल्याच जिल्ह्याचे उदाहरण घेऊ. डॉ. अभय आणि राणी बंग यांच्या ‘सर्च’ या संस्थेने गडचिरोलीतील ३९ गावांत घरोघरी नवजात बाळांची काळजी घेण्याचा प्रयोग केला, ४७ गावे तुलनेसाठी ठेवली, आणि नवजात मृत्यूदर ६२ टक्क्यांनी घटल्याचे निष्कर्ष १९९९ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आले. बाळाला वजनकाट्याच्या झोळीत ठेवणाऱ्या, श्वास मोजणाऱ्या आणि इंजेक्शन देणाऱ्या त्या आरोग्यदूत गावच्याच बाया होत्या. पुढे २०११ मध्ये केंद्राने आशांमार्फत घरभेटी देण्याची योजना देशभर आणली. त्या वेळी मुक्त प्रवेशाची चळवळ पुरती सुरूही झालेली नव्हती. मुक्त प्रवेशाची मागणी मांडणारे बुडापेस्टचे घोषणापत्र २००२ चे. म्हणजे वर्गणीच्या भिंतीआड छापलेल्या निबंधानेही काम केलेच. यावरून कुणी म्हणेल की भिंतीने काय बिघडले? मी तसे म्हणणार नाही. त्या निबंधामागे आयुष्यभर पाठपुरावा करणारे, दिल्लीत ज्यांचे म्हणणे ऐकले जाते असे लोक होते. आपल्या नोंदवहीच्या मागे तसे कुणी नाही, आणि अशा निबंधाला भिंत खरोखरच गाडून टाकते.

याचे उदाहरण आफ्रिकेतले आहे. लायबेरियात इबोलाचा संसर्ग होऊन गेल्याच्या खुणा तिथल्या लोकांच्या रक्तात सापडल्या असून या देशाला इबोलाच्या क्षेत्रात धरावे, असे १९८२ साली एका युरोपीय नियतकालिकात छापून आले होते. २०१४ ची साथ येईपर्यंत तिथल्या आरोग्य अधिकाऱ्यांना हे माहीत नव्हते. २०१५ मध्ये त्यांनीच हे जाहीरपणे लिहिले, आणि तो निबंध उतरवून घ्यायचा तर ४५ डॉलर पडतात, म्हणजे लायबेरियातल्या डॉक्टरचा जवळजवळ अर्ध्या आठवड्याचा पगार, हेही लिहिले. पण पुढची गोष्ट मला त्या ४५ डॉलरपेक्षा जास्त बोचते: त्या निबंधाच्या लेखकांत लायबेरियाचा एकही माणूस नव्हता. रक्त त्यांचे होते. निबंध उद्या मोफत झाला असता तरी तो शोधायला हवा हे तिथे कुणाला सुचले असते?

म्हणून माझे म्हणणे जरा वेगळे आहे. इंग्रजीतला निबंध मोफत असणे आणि तो आपल्या आशाताईंना वाचता येणे यांत फार अंतर आहे. २००१ साली महाराष्ट्रातील स्वयंसेवी संस्थांनी बालमृत्यूंवरील ‘कोवळी पानगळ’ हा अहवाल मराठीत काढला, तेव्हा त्याची चर्चा थेट विधिमंडळात झाली. तेच आकडे इंग्रजी नियतकालिकात असते तर ते तिथवर इतक्या लवकर पोहोचले असते असे मला वाटत नाही. आपली काचेच्या नळीची गोष्ट पुढच्या पावसाळ्याआधी शेजारच्या तालुक्यांतील केंद्रांच्या प्रयोगशाळा तंत्रज्ञांना समजली पाहिजे. त्यासाठी पावणेदोन लाख लागत नाहीत. एक पानभर मराठी मजकूर आणि तालुका आरोग्य अधिकाऱ्यांच्या मासिक बैठकीतली दहा मिनिटे लागतात.

उत्तर ४: ग्रंथालयीन, वर्धा

फिरस्ते साहेबांचे म्हणणे मनापासून पटते, पण डॉक्टरांनी निबंध सोडून द्यावा असा त्याचा अर्थ कुणी काढू नये. देशातील सर्पदंशाच्या मृत्यूंचा जो अंदाज सगळे देतात, २००० ते २०१९ या काळात सुमारे १२ लाख, वर्षाला सरासरी ५८,०००, तो २०२० साली ‘ईलाइफ’ या मुक्त प्रवेशाच्या नियतकालिकात आला, म्हणूनच तो आज कुठल्याही तालुक्याच्या ठिकाणी मोबाइलवर वाचता येतो. पण तो अंदाज घरोघरी जाऊन मृत्यूची कारणे विचारून काढलेला आहे. दवाखान्याच्या दारात काय घडते, कुठली नळी वापरली जाते, हे त्यात नाही. ते आपल्यासारख्याच कुणीतरी लिहायचे आहे, आणि पुढे धोरण ठरवणाऱ्याला ते शोधता आले पाहिजे. मासिक बैठकीतला कागद फाईलला लागतो, आणि त्या फाईलचे पुढे काय होते हे आपण सर्वजण जाणतो.

वैनगंगाकाठ

सर्वांचे आभार. संपादकांना पत्र लिहिले; पूर्ण सूट देता येत नाही, निम्मी देऊ, असे उत्तर आले. निम्मेही मला परवडणारे नाही, त्यामुळे लेखी माघार घेतली आहे आणि ती मंजूर झाल्याचे पत्र काल आले. आता शुल्क न घेणाऱ्या एका भारतीय नियतकालिकाचे नियम वाचतो आहे, आणि मुदत संपताच हस्तलिखित खुल्या संग्रहात ठेवीन.

मराठी पानही लिहून झाले. त्यात ‘नळी नवी, कोरडी, काचेची; प्लास्टिकची नको, धुतलेली नको’ हे वाक्य आमच्या तंत्रज्ञ ताईंनी स्वतः घातले, आणि वीस मिनिटे मोजायला भिंतीवरचे घड्याळ लागते, ते आमच्याकडे बंद होते, हेही त्यांनीच सांगितले. मोबाइलवर वेळ लावली की फोन आला म्हणून कुणीतरी उठते आणि टेबल हलते, असे त्यांचे म्हणणे. घड्याळ आणले.

एक नवी अडचण मात्र उभी राहिली आहे, आणि तिच्याबद्दल आपले मत हवे आहे. या नियतकालिकाला निबंधासोबत मूळ आकडेवारीही खुली हवी आहे. नावे मी काढलीच आहेत. पण आमची काही गावे वीस-पंचवीस घरांची आहेत. ‘स्त्री, वय १९, ऑगस्ट, मृत्यू’ एवढे लिहिले तरी त्या टोल्यावर, म्हणजे छोट्या वस्तीवर, ती कोण हे प्रत्येकाला कळते, आणि तिला आधी दवाखान्यात न आणता पुजाऱ्याकडे नेले होते हेही त्याच ओळीत येते. तिचे वडील आजही केंद्रात औषधाला येतात. गावाऐवजी तालुका आणि वयाऐवजी वयोगट लिहून आकडेवारी दिली तर ती नियतकालिकाला चालेल का, आणि असे कुणी यापूर्वी केले असल्यास संपादकांना नेमके काय लिहिले, ते कृपया कळवावे.