घरचे इंटरनेट बंद केल्यावर व्यवहार कसे चालवावेत?

प्रश्न (कोथरूड): रात्री एक वाजेपर्यंत रील्स पाहण्याची सवय सुटावी म्हणून मी वायफाय काढून टाकले आणि बटणांचा साधा फोन घेतला, परंतु भाजीवाल्या मावशीही आता क्यूआर कोड पुढे करतात, तेव्हा पैसे कसे द्यावेत?

उत्तर: *९९# डायल केल्यास इंटरनेटविना पैसे पाठवता येतात, २०२२ पासून साध्या फोनसाठी यूपीआय १२३पे हीदेखील सोय आहे. मंडईत मात्र सुटे पैसेच बरे.

दुसरे उत्तर: खरी अडचण रिकाम्या संध्याकाळची असते. मी १८४८ साली स्थापन झालेल्या पुणे नगर वाचन मंदिराचे सभासदत्व घेतले. पहिले आठ दिवस वाचताना हात सारखा खिशाकडे जाई. आता दिवे लावण्याची वेळ झाल्याचेही कळत नाही, इतके मन रमते.

प्रश्नकर्ता: आभार. उद्याच चौकशी करतो.