मदत हवी आहे: फोलियावर (एकच स्वरसंगतींची साखळी पुन्हा पुन्हा येणारी जुनी युरोपीय चाल) तबला कसा बसवावा?

संचात आतड्याच्या तारांचं बरोक (सतराव्या-अठराव्या शतकातल्या धाटणीचं) व्हायोलिन, हार्पसिकॉर्ड (तारा छेडणारं जुनं पट्ट्यांचं वाद्य) आणि तबला आहे. पट्टी ए = ४१५ हर्ट्झ, म्हणजे आजच्या ४४० पेक्षा अर्धा सूर खाली, त्यामुळे लिहिलेला डी ऐकू येतो काळी एकमध्ये. साडेपाच इंची तबला छान जुळतो.

खरी अडचण मात्रांवरच्या वजनाची. डी मायनर फोलियाचे १६ बार (मात्रांचे गट), प्रत्येकी तीन मात्रा, म्हणजे ४८. सहा मात्रांच्या दादऱ्याची बरोबर आठ आवर्तनं. पण फोलियात दुसऱ्या मात्रेवर रेंगाळायचं असतं आणि ठेका समेवर जोर देतो. ती मात्रा दबली की चाल सपाट होते, फोलियाचा जीवच जातो. शिवाय प्रत्येक दुसरा बार दादऱ्याच्या 'खाली'वर (बिनजोराच्या चौथ्या मात्रेवर) सुरू होतो. दुसऱ्या मात्रेवर बायाँची (डग्ग्याची) घुमार ठेवून समेला नुसती किनार (तबल्याच्या कडेवरचा हलका आघात), असं कुणी वाजवलंय का? बोल लिहून द्याल का?

तानपुरा सोडावा असं वाटतंय. मीनटोनमध्ये (हार्पसिकॉर्डच्या जुन्या सूर-मिळवणीत) पंचम सुमारे ५.४ सेंट (सेंट म्हणजे अर्ध्या सुराचा शंभरावा भाग) उतरलेला, तानपुऱ्याचा शुद्ध. पट्टीच्या सा-पा वर सेकंदाला एखादं आंदोलन स्पष्ट ऐकू येतं. सी मेजरच्या बारला तर सा खटकतोच.

दिव्यांच्या उष्णतेत तबल्याची पुडी (वरचं कातडं) चढते, हार्पसिकॉर्डच्या तारा उतरतात. मध्ये किती वेळानं सूर मिळवता? आणि तबल्याखाली हार्पसिकॉर्ड बुडू नये म्हणून माइक कुठे लावता?