जुव्यावरची अंगतपंगत: ताटात इथलेच जिन्नस कसे राखावेत?

विचारणा (जुव्यावरची सून)

नमस्कार. आम्ही मालवण तालुक्यातल्या कालावल खाडीतील एका जुव्यावर, म्हणजे खाडीतल्या बेटावर राहतो. तेल, डाळी, गॅसचा सिलिंडर सारे काही होडीतून येते आणि आलेले प्लॅस्टिक बहुधा इथेच साठत जाते. दर श्रावणात आमची अंगतपंगत होते; प्रत्येक घरातून एक पदार्थ येतो. गेल्या वर्षी मात्र पनीरची भाजी, शीतपेयांच्या बाटल्या आणि थर्माकोलच्या ताटल्या आल्या. पंगत उठल्यावर मी आणि माझ्या जाऊबाईंनी दोन गोणी कचरा होडीत घालून पलीकडच्या काठावर नेला, तेव्हा मला फार वाईट वाटले. यंदा मीठ-तेल सोडून बाकी सारे इथलेच असावे असे सुचवायचे आहे. परंतु ज्यांच्या दारात माड नाही, परसात काही पिकत नाही, त्यांना ते ओझे वाटू नये. कसे करावे?

उत्तर १ (देवगडकर)

ताई, आधी ऋतू पाहा. टाकळा ही रानभाजी पहिल्या पावसानंतर कोवळी असते तेव्हाच खावी. श्रावणापर्यंत ती जून होते, म्हणून तिचा आग्रह नको. श्रावणात अळू आहे, हळदीची पाने हिरवीगार असतात म्हणून पातोळ्या आहेत, तवशाचे (मोठ्या काकडीचे) गोड धोंडस आहे. लाल मातीत घोळवून ठेवलेल्या फणसाच्या आठळ्या अळवाच्या फदफद्यात घातल्या की आणखी काही लागत नाही. आंबटपणासाठी वैशाखात वाळवलेली सोले (कोकमे) प्रत्येक घरी असतातच. यांत्रिक नौकांवरील मासेमारीबंदी १ जून ते ३१ जुलै असते. ती उठली तरी श्रावण पाळणारी घरे अनेक, त्यामुळे मासळीची पंगत नंतर वेगळी करावी, हे माझे ठाम मत आहे. थर्माकोलच्या ताटल्यांवर राज्यात २०१८ पासून बंदीच आहे, हेही बैठकीत आवर्जून सांगा.

उत्तर २ (वेंगुर्ल्याची माहेरवाशीण)

आमच्या वाडीत आम्ही पदार्थांऐवजी कामे वाटून घेतो. ज्यांच्याकडे माड आहेत ते नारळ आणि चुलीसाठी सोडणे (नारळाची सुकी सालपटे) देतात. ज्यांच्याकडे काहीच नाही ते खोबरे खवतात, केळीची पाने पुसतात, पाणी वाढतात. आमच्या शेजारच्या एक आजी एकट्या राहतात. त्या वाटीभर कुळथाच्या पिठाची पिठी करतात, वर लसणाची फोडणी देतात आणि पातेले पंगतीत सर्वांत आधी रिकामे होते. आणलेला पदार्थ किती महागाचा, हे कोणी विचारत नाही. पनीर आणणाऱ्यांना मात्र चारचौघांत टोकू नका; त्यांनी ते पाहुणचार म्हणूनच आणलेले असते. पंगतीच्या आठ दिवस आधी त्यांच्या घरी जाऊन सोलकढीचे काम मागून घ्यायला सांगा.

विचारणाऱ्या ताईंचे उत्तर

दोघांचेही मनापासून आभार. कामे वाटण्याची कल्पना मला सुचलीच नव्हती. पाण्याबाबतही ठरवले आहे: सोडणाचा चोथा आणि चुलीतली राख यांनी भांडी आधी कोरडीच घासायची, म्हणजे विहिरीवर ताण येत नाही. उष्टी पाने गुरांपुढे घालायची आणि उरतील ती माडांच्या आळ्यांत. येत्या रविवारी मी आणि जाऊबाई दोघी घरोघरी जाणार आहोत. पहिले घर पनीर आणणाऱ्या वहिनींचेच आहे.