अँबेसिडर घाटात बंद पडायली, तापमानाचा काटा मात्र मधेच

जालनाकर_अँबी
१४८९ सीसी पेट्रोल, सोलेक्स कार्बोरेटर. सकाळी झकास चालते. दुपारी बीडहून मांजरसुंब्याचा घाट चढायला लागली की आचके देते अन् बंद पडते. अर्धा तास उभी ठेवली की आपोआप चालू. रेडिएटरला रॉड मारून (नळ्यांतला क्षार काढून) आणलाय, पंख्याचा पट्टा नवा आहे, तापमानाचा काटा मधेच असतो. मेकॅनिक म्हणायला इंजिनाचं हेड उतरवू. उतरवू द्यावं का?

स्पॅनर_बावीस
हेडला हात लावू देऊ नका भाऊ. पाणी उकळत नाही, पातळी उतरत नाही, तर हेडखालच्या गॅस्केटवर संशय कशाला? बंद पडली म्हणजे एक तर ठिणगी नाही, नाही तर पेट्रोल पोचंना. कोणतं ते जागेवरच, गाडी तापलेली असतानाच कळतं. गार झाल्यावर सगळंच बरोबर दिसणार.

आधी ठिणगी बघा. एका प्लगची वायर काढून त्यात सुटा प्लग खोचा, प्लगची बॉडी इंजिनाला टेकवा अन् सोबत्याला सेल्फ मारायला सांगा. प्लग हातात धरू नका, झटका बसतो. निळी, टकटक वाजणारी ठिणगी आली तर इग्निशन ठीक. बारीक पिवळी आली, किंवा आलीच नाही, तर कंडेन्सर किंवा कॉइल. हे दोन्ही गार असताना चांगले वागतात, तापले की आतलं इन्सुलेशन दगा देतं. कंडेन्सर स्वस्त आहे, पहिला तोच बदला. डिस्ट्रिब्युटरमधले पॉइंट जळून काळेनिळे झाले असतील तर बहुतेक तोच दोषी. पॉइंटचा गॅप ०.३५ ते ०.४० मिमी ठेवा.

ठिणगी चांगली असेल तरच पेट्रोलकडे वळा. कॉइलची वायर काढून ठेवा (उघडं पेट्रोल अन् ठिणगी एकत्र नकोत). मग पंपाकडून कार्बोरेटरला जाणारा पाइप काढून बाटलीत सोडा अन् सेल्फ मारा. धार तुटक, बुडबुडे येत असतील तर व्हेपर लॉक, म्हणजे गरमीनं पेट्रोलची पाइपातच वाफ होऊन अडतंय. धार भरपूर अन् पेट्रोलचा वास मारतोय तर उलटा प्रकार, इंजिन ओव्हरफ्लो झालंय, म्हणजे आत जास्त पेट्रोल भरलंय. तिथं पाइप अन् कॉइलची वायर परत लावून अॅक्सिलरेटर पूर्ण दाबून धरायचा अन् सेल्फ मारायचा. अॅक्सिलरेटर सारखा दाबत-सोडत बसलात तर आणखी भरेल.

कोरडवाहू
वरचं बरोबर. उन्हाळ्यात घाटातच होतंय म्हणजे माझं बोट पेट्रोलकडे. या इंजिनात इनटेक (मिश्रण आत नेणारा) अन् एक्झॉस्ट (धूर बाहेर नेणारा) मॅनिफोल्ड एकाच बाजूला आहेत, कार्बोरेटर थेट तापलेल्या मॅनिफोल्डवर बसतो. कमी वेगात, जास्त लोडवर तिथली गरमी निघत नाही. त्यात आताचं इथेनॉलवालं पेट्रोल लवकर वाफ होतं अन् मिश्रणही पातळ पडतं.

कार्बोरेटरखाली जाड बेकेलाइटचा स्पेसर टाका, दोन्ही बाजूंनी गॅस्केट. एअर क्लीनर बॉनेटला घासत नाही ना अन् अॅक्सिलरेटरची दांडी पूर्ण फिरते ना, ते बघा. मॅनिफोल्ड अन् कार्बोरेटरमध्ये दीड मिमी अॅल्युमिनियमचा पत्रा, दोन्हीकडं हवेची जागा सोडून. पेट्रोलचा पाइप एक्झॉस्टपासून लांब वळवा. जुना रबरी पाइप इथेनॉलनं सुजतो, आतून सालं निघतात, ती जेटमध्ये अडकतात. इथेनॉल झेलणारा पाइपच मागा. पाइपला कपड्याचे चिमटे लावायची पद्धत आहे, त्यानं काही होत नाही. पंपावर ओलं फडकं टाकलं अन् गाडी सुरू झाली तर निदान मात्र पक्कं होतं.

ठिणगीचं टायमिंगही बघून घ्या. उशिरा जळणारं मिश्रण मॅनिफोल्ड आणखी तापवतं.

जालनाकर_अँबी
पंप काढून इलेक्ट्रिक बसवला तर? अन् बोअरचं पाणी घालतो, चालतं का?

स्पॅनर_बावीस
बोअरचं पाणी बंद करा राव, आपल्याकडच्या पाण्याचा क्षार नळ्यांत परत बसेल अन् रॉड मारल्याचे पैसे वाया. डिस्टिल्ड पाणी अन् कूलंट निम्मं-निम्मं. इंजिन गार असताना रेडिएटर अन् ब्लॉक, दोन्हीकडचे नळ उघडून जुनं पाणी काढा. नुसता रेडिएटर रिकामा केला तर ब्लॉकमधला गाळ तसाच राहतो.

इलेक्ट्रिक पंप शेवटी. बसवायचाच तर टाकीजवळ, खालच्या पातळीला. तो ढकलतो चांगला, ओढतो कमी. दाब अडीच-तीन पीएसआयच असावा, इंजेक्शनच्या गाडीचा पंप लावलात तर कार्बोरेटरची नीडल दाब झेलणार नाही अन् पेट्रोल मॅनिफोल्डवर सांडेल. वायरिंग ऑइल प्रेशर स्विचमधून रिलेनं घ्या, म्हणजे इंजिन थांबलं की पंपही थांबेल.