सावलीत काळा रंग कशाला हवा?

बाहेर उन्हात बसून जलरंगात चित्र रंगवताना सावल्या मेलेल्या दिसतात म्हणून त्यात काळा किती टाकायचा, यावर इथे चर्चा चाललीये, मी तर म्हणेन काळ्याची ट्यूब घरीच ठेवा. समुद्राकाठच्या कडक उन्हात पांढऱ्या भिंतीवरची सावली नीट निरखून बघा, वरच्या बाजूला ती निळी-जांभळी असते कारण तिथे आकाशाचा उजेड पडतो, आणि खाली वाळूवरून ऊन उडून येतं त्यामुळे तीच सावली चक्क गुलाबी-केशरी होत जाते. अल्ट्रामरीनमध्ये (गडद निळा) जरासा बर्न्ट सिएना (तांबूस तपकिरी), पाणी भरपूर, झालं काम.

आणि कागद सावलीत धरा हो, हे कोणीच लिहिलं नाही! थेट उन्हात कागद इतका चमकतो की आपण नकळत सगळंच गडद रंगवत सुटतो, मग घरात आणलं की चित्र मळकट. छत्री पांढरी किंवा करडी घ्या, लाल-निळी नको, तिचा रंग कागदावर उतरतो. गॉगलचंही तेच.

ऊन सरकतं याला इलाज नाही, सावल्यांचे आकार आधी ठरवायचे आणि नंतर काही झालं तरी बदलायचे नाहीत. फ्रेंच चित्रकार मोने तर उजेड बदलला की कॅनव्हासच बदलायचा, पण एवढं सामान वाहणार कोण.

बाकी दिसतो तसाच रंग लावायचा हट्ट मला पटत नाही. मातिस आणि देरँ हे चित्रकार १९०५ च्या उन्हाळ्यात फ्रान्समधल्या कोलियूरला, म्हणजे असल्याच किनाऱ्यावरच्या गावात रंगवत होते, त्यांनी दिसणाऱ्या रंगाला कुठे जुमानलं?