गर्भपाताचा खरा आकडा कुठला, सात लाख की दीड कोटी?

रेवती_एमए
नमस्कार मंडळी. लोकसंख्याशास्त्राच्या पेपरसाठी भारतातल्या गर्भपातांचा आलेख काढायला घेतलाय आणि डोकं फिरलंय. 1966 साली शांतिलाल शाह समितीने, म्हणजे गर्भपाताचा कायदा हवा का हे बघायला नेमलेल्या सरकारी समितीने, दिलेला आकडा वर्षाला 65 लाख. 2004 च्या सुमाराचा 64 लाख. 2015 चा एकदम 1 कोटी 56 लाख. आणि सरकारी नोंद बघावी तर 2015 च्याच सुमाराला वर्षाला जेमतेम सात लाख! गाईड म्हणतात, गर्भपाताच्या गोळ्या आल्या आणि गर्भपात अडीचपट झाले असं सरळ लिहून टाक. मला पटत नाहीये, पण का ते मांडता येत नाही. इथे कुणी या नोंदी प्रत्यक्ष हाताळल्यात का?

जुना_कारकून
हाताळल्यात. नोकरीची बरीच वर्षं एका जिल्हा रुग्णालयाच्या सांख्यिकी कक्षात गेली. जिल्हा कुठला ते राहू दे.

आधी सात लाखांचं बघू. एमटीपी कायदा, म्हणजे वैद्यकीय गर्भपाताचा कायदा, 1971 चा, लागू झाला 1 एप्रिल 1972 ला. मान्यता असलेल्या केंद्राने दर महिन्याला नमुना 2 नावाचा अहवाल भरून पाठवायचा. बाईचं नाव फक्त केंद्रातल्या नोंदवहीत, आणि ती नोंदवही गोपनीय. बाकी कागदांवर नुसता अनुक्रमांक. आमच्या टेबलावर यायची ती बेरीज: किती आठवड्यांचा, कारण काय, नंतर तांबी बसवली की ऑपरेशन केलं. अशा बेरजांची बेरीज होत होत दिल्लीला जो आकडा पोचतो तो तुझा सात लाख.

आता कागद कसे यायचे ते ऐक. तालुक्याच्या गावातलं एक नर्सिंग होम वर्षभर 'निरंक', म्हणजे एकही गर्भपात नाही, असं पाठवायचं. बारा महिन्यांचे बारा कागद, सगळ्यांवर एकाच पेनाची सही, तारीख तेवढी वेगळी. आणि त्याच भागातल्या बाया आमच्या वॉर्डात सांगायच्या, मागल्या साली तिथंच पिशवी साफ केली म्हणून. विचारायला कोण जाणार? साहेबांना अहवाल वेळेत आल्याशी मतलब.

दुसरी गोष्ट. रात्री रक्तस्राव होत बाई येते. मेडिकलवाल्याकडून आणलेल्या गोळ्या घरी घेतलेल्या असतात. केसपेपरवर 'अपूर्ण गर्भपात' लिहितात, क्युरेटिंग म्हणजे पिशवी साफ होते, सकाळी घरी. ती एमटीपीच्या रकान्यात येत नाही, कारण आम्ही एमटीपी केलेलीच नसते. सिस्टरला एका नजरेत कळतं काय झालंय ते, पण तिने लिहायचं कुठे?

रेवती_एमए
काका, म्हणजे दीड कोटीच खरा धरू? तो कसा काढला?

जुना_कारकून
तो लॅन्सेट ग्लोबल हेल्थ या वैद्यकीय नियतकालिकात आलेला अंदाज. मुंबईत देवनारला असलेली लोकसंख्या अभ्यासाची संस्था आयआयपीएस त्यात होती. सहा राज्यांतल्या 4001 दवाखान्यांची पाहणी केली, आणि देशभरात विकल्या-वाटल्या गेलेल्या गोळ्यांच्या पाकिटांवरून उलटा हिशेब मांडला. 1 कोटी 56 लाखांपैकी 1 कोटी 15 लाख गोळ्यांचे, तेही दवाखान्याबाहेर घेतलेल्या. दवाखान्यांतले 34 लाख. बाकी साधारण 8 लाख इतर मार्गांनी. इथे थांब जरा. नुसते दवाखान्यांतले 34 लाख आणि सरकारी सात लाख यांच्यातच केवढी दरी आहे बघ. सगळा दोष गोळ्यांवर कसा टाकणार?

आता तुझ्या आलेखाचं. शाह समितीने कुणाची मोजदाद केली नव्हती, प्रमाण धरलं होतं: 100 गर्भधारणांमागे 73 जिवंत जन्म, 2 मृतजन्म, 10 आपोआप पडणारे, 15 पाडलेले. हे 50 कोटी लोकसंख्येला लावलं. म्हणजे 65 लाखांत 26 लाख आपोआप पडलेले आहेत, पाडलेले 39 लाखच. 2015 च्या आकड्यात आपोआप पडलेले धरलेलेच नाहीत. आणि मधल्या काळात लोकसंख्या किती वाढली? 2015 चा दर 15 ते 49 वयाच्या हजार बायकांमागे 47 आहे. तुलना दराची कर, पण मागच्या दोन आकड्यांच्या पद्धतीच वेगळ्या, तेव्हा तीही जपून.

डॉ_बाळंतविडा
काकांशी सहमत, थोडी भर घालते. गर्भपाताच्या मिफेप्रिस्टोन या गोळीला आपल्याकडे 2002 मध्ये परवानगी मिळाली, दोन औषधांचं एकत्र पाकीट 2008 मध्ये. कायद्याने डॉक्टरच्या चिठ्ठीवरच मिळायला हवं. पण महाराष्ट्रात गर्भलिंग निदानाविरुद्ध कारवाई तापली तेव्हापासून अनेक मेडिकलवाले पाकीट ठेवायलाच घाबरतात. लिंग कळण्याच्या कितीतरी आधी, नऊ आठवड्यांच्या आत घ्यायच्या गोळ्या आहेत या, पण सांगणार कुणाला! मग बाई दुसऱ्या गावाहून मागवते आणि आपल्या नोंदीतून गायब होते. अठरा वर्षांखालच्या मुलींचं पोक्सोमुळे, म्हणजे बाललैंगिक अत्याचारविरोधी कायद्याने पोलिसांना कळवावं लागत असल्याने, आणखी अवघड.

सर्वेक्षणातही हे नीट सापडत नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत सांगितलेल्या गर्भपातांपैकी 27 टक्के बाईने स्वतः घरीच केलेले होते. हे फक्त सांगितलेले. शेजारी सासू बसलेली असताना 'आपोआप पडलं' हेच उत्तर येतं.

लीड्सकर
इकडे इंग्लंडमध्ये 1968 पासून प्रत्येक गर्भपाताचा फॉर्म डॉक्टरने सरकारकडे पाठवायचा असतो. 2022 साली इंग्लंड आणि वेल्स मिळून अडीच लाखांवर निघाले. आपल्याकडे हे का जमू नये?

जुना_कारकून
तिकडे बहुतेक खर्च सरकारी यंत्रणा उचलते, म्हणून फॉर्म येतो. इथे बाई खासगीत रोख मोजते आणि तिला कागद नकोच असतो. फॉर्म सक्तीचा केलात तर जी आज दवाखान्यात येते तीसुद्धा मेडिकलवर जाईल. अमेरिकेचं बघा, तिथे सीडीसी ही सरकारी आरोग्य संस्था 1969 पासून आकडे गोळा करते, पण राज्यांनी द्यायचे ते राजीखुशीने. कॅलिफोर्निया तर देतच नाही. त्यामुळे सीडीसीचा आकडा गुटमाकर या खासगी संशोधन संस्थेच्या आकड्यापेक्षा कायम कमी.

रेवती_एमए
गाईडना 26 आणि 39 लाखांचं दाखवलं. गप्प झाले, मग म्हणाले अहवाल मुळातून वाच. काका, निदान सरकारी आकड्यांना तरी एकच सलग रेघ चालेल ना?

जुना_कारकून
नाही. 2008 मध्ये एचएमआयएस, म्हणजे सरकारी आरोग्य माहिती प्रणाली, आलं आणि आकडे पोर्टलवर भरायला लागले. रकाने बदलले. तिथे रेघ तोड आणि खाली तळटीप टाक. शाह समितीच्या ठिपक्याचा रंगही वेगळा ठेव.