षटकोनी खांब आणि १२,००० वर्षांचा दावा

डोंगरवाट : पाटण तालुक्यातील आमच्या डोंगरउतारावर षटकोनी दगडी खांब आहेत. ती १२,००० वर्षांपूर्वीची वेधशाळा असल्याचे एका व्हिडिओत ठामपणे सांगितले आहे. हे कसे तपासावे?

कृष्णाकाठ : बेसाल्टचा लाव्हा थंड होताना आकसतो आणि तडे जाऊन असे स्तंभ आपोआप घडतात, त्यामुळे निव्वळ रेखीवपणा हा मानवी हाताचा पुरावा ठरत नाही. छिन्नीच्या खुणा, हत्यारे किंवा खापरे मिळाली का?

मिरजकर : इंडोनेशियातील गुनुंग पडांग येथे २५,००० वर्षांहून जुने बांधकाम असल्याचे सांगणारा २०२३ चा शोधनिबंध २०२४ मध्ये मागे घेण्यात आला, कारण कालमापन केलेल्या मातीचा मानवी कामाशी संबंधच सिद्ध झालेला नव्हता. (माती जुनी असायचीच!)

डोंगरवाट : व्हिडिओत खापराचा एकही तुकडा दाखवलेला नाही, ‘ऊर्जा जाणवते’ एवढाच आधार दिला आहे.